काही विशेष नाही

अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावरची लाइटहाऊस बघायच्या टूरवर आमच्या ग्रुपमध्ये एक जण असे होते की त्यांनी ही सगळी लाइटहाऊसं आयुष्यभर बघितली होती आणि तरी त्यातलं एकही बघितलं नव्हतं. ऐंशीच्या पुढचे, उंच, थोडे वाकलेले, उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच. चाळीसेक वर्षं ओरेगनच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटीवर काढलेली, हिवाळ्यात डंजनेस खेकडे आणि उन्हाळ्यात सॅमन नाहीतर ट्यूना, आणि शेवटची बरीच वर्षं स्वतःच बोट चालवायचे म्हणून सगळे त्यांना कॅप्टन म्हणायला लागले, मीही. पहिल्या दिवशी गाडीत सगळ्यांनी आपण का आलो ते सांगायचं होतं. कोणाला फोटोग्राफीची आवड, कोणाची लग्नाची चाळिसावी वर्षगाठ. कॅप्टन एवढंच म्हणाले, की मी यांना फक्त रात्रीचं ओळखतो, पाण्यावरून, लुकलुकीवरून. यांना दार कुठल्या बाजूला आहे ते बघायला आलोय.

मला ते वाक्य फार आवडलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मी नर्स होते, रिटायर होऊन आठ महिने झाले, मुलीकडे पोर्टलंडला आलेय, आणि तिनं मला या टूरवर पाठवलंय. हे खरं होतं पण पूर्ण नव्हतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी निम्म्याहून जास्त रात्री जागून काढल्या, बहुतेक आयसीयूमध्ये, आणि रिटायर झाल्यावर मला रात्री झोपच येईना. म्हणजे दोन वाजले की डोळे टक्क उघडे, आणि त्याहून वाईट म्हणजे एक विचार, की एवढ्या रात्री जागून मी नक्की काय केलं, दाखवायला काय आहे. डॉक्टरांचं ऑपरेशन असतं, शिक्षकाचे विद्यार्थी असतात, नाईटच्या सिस्टरचं काय असतं? मुलीला हे सगळं सांगितलं नव्हतं, पण तिला मधल्या रात्री किचनमधला दिवा दिसत असणार.

तर चार दिवस, अठरा माणसं, एक छोटी बस, हायवे 101, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना नऊ लाइटहाऊस. डाव्या हाताला स्प्रूसचं काळंहिरवं जंगल, उजव्या हाताला पॅसिफिक, मधेमधे धुकं असं येतं की समुद्र कोणीतरी पुसून टाकल्यासारखा. जुलै असूनही सगळ्यांच्या अंगावर जॅकेट.

पहिलं लाइटहाऊस लांबूनच बघायचं असतं. कॅनन बीचजवळच्या इकोला स्टेट पार्कच्या कड्यावरून समुद्रात मैलभर आत एक खडक दिसतो आणि त्यावर एक बुटकी, चौकोनी, मळकट इमारत. टिलामूक रॉक. इथले लोक तिला टेरिबल टिली म्हणतात. 1879 मध्ये पाहणी करायला गेलेला जॉन ट्रेवेव्हस नावाचा अनुभवी माणूस खडकावर उतरताना घसरला आणि लाटेनं नेला, परत मिळालाच नाही. तरीही काम सुरू झालं. माणसं सुरुंग लावून खडकाचा माथा सपाट करत होती आणि तिथेच ताडपत्री बांधून राहत होती, माणूस असो की सामान, बोटीवरून दोरखंडाला टांगूनच वर घ्यायचं. दीड वर्ष लागलं. दिवा लागायला जेमतेम तीन आठवडे उरले असताना, जानेवारी 1881 च्या सुरुवातीला, रात्री दाट धुक्यात कामगारांना अगदी जवळून माणसांचे आवाज ऐकू आले. ल्युपाशिया नावाचं जहाज वाट चुकून खडकाकडे येत होतं. यांनी कंदील लावले, जाळ पेटवला. जहाज वळलं, आवाज लांब गेले, यांना वाटलं सुटले. सकाळी धुकं निवळलं तेव्हा किनाऱ्याजवळ फक्त डोलकाठी पाण्याबाहेर. सोळाच्या सोळा माणसं गेली, एक कुत्रा तेवढा वाचला. 21 जानेवारीला दिवा लागला.

कड्यावर वारा इतका होता की गाईड जवळजवळ ओरडून सांगत होती. मी त्या कामगारांचा विचार करत होते. तीन आठवडे! दिव्याची काच, यंत्र, सगळं येऊ घातलेलं, आणि नेमकी ती रात्र. आमच्या वॉर्डात एक व्हेंटिलेटर यायचा होता सोमवारी, आणि एक मुलगी शनिवारी गेली, एकोणीस वर्षांची. ते मला अजून वार लावून आठवतं.

टिलीचा दिवा पंच्याहत्तरच्या वर वर्षं चालला. कुटुंबाला तिथे परवानगी नव्हती, नुसते पुरुष, आणि महिनोन् महिने. दिवा समुद्रापासून शंभर फुटांहून जास्त उंचावर, तरी वादळात लाटा दगडांसकट वरपर्यंत यायच्या. ऑक्टोबर 1934 च्या वादळात दगडांनी दिव्याच्या खोलीच्या काचा फोडल्या, आतलं भिंग फोडलं, किनाऱ्याशी बोलायची तारही तुटली. तेव्हा हेन्री जेन्किन्स नावाच्या कीपरनं, म्हणजे दिवा सांभाळणाऱ्या माणसानं, मोडक्यातोडक्या सामानातून रेडिओ जुळवून किनाऱ्याला निरोप पाठवला. शेवटी 1957 मध्ये तो दिवा बंदच केला. शेवटचा कीपर ऑस्वल्ड ॲलिक, त्यानं स्वतःच्या हातानं मालवला. हे नाव मी वहीत लिहून ठेवलं आणि पुढे ते परत भेटलं, पण ते नंतर.

कॅप्टन त्या सगळ्या वेळात कठड्याला धरून उभे होते. मी विचारलं, हिला तुम्ही कधी लागलेलं बघितलंय का? म्हणाले, अगदी लहानपणी, वडिलांच्या बोटीतून. मग बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, लागलेला दिवा लक्षात राहत नाही गं, विझलेला राहतो. (इंग्रजीत अर्थातच 'गं' नसतं, पण त्यांच्या बोलण्यात ते होतं, मला ऐकू आलं.)

दुपारी केप मेअर्स. हे ओरेगनमधलं सगळ्यात बुटकं लाइटहाऊस, मनोरा अवघा 38 फूट. पण कडाच दोनशे फुटांवर आहे, मग मनोरा उंच कशाला हवा. वाटेनं खाली उतरत जायचं आणि दिव्याच्या खोलीच्या अगदी बरोबरीला आपण येतो, आणि तेव्हा पहिल्यांदा मी फ्रेनेलचं भिंग जवळून बघितलं. फोटोत कितीही बघा, कळत नाही. माणसापेक्षा मोठं, काचेचं, मधमाश्यांचं पोळं उभं ठेवावं तसं काहीतरी, मधे बैलाच्या डोळ्यासारखी गोल फुगीर काच आणि तिच्याभोवती एकात एक काचेच्या चकत्या, वर-खाली तिरक्या पट्ट्यांच्या रांगा. काही पॅनेल पांढरी, काही लाल.

याच्यामागचा माणूस म्हणजे ऑगस्टँ फ्रेनेल, फ्रेंच, सरकारी नोकरीत रस्ते बांधणारा इंजिनिअर, तब्येतीनं कायम अधू. त्याच्याआधी दिव्यामागे आरसे लावायचे आणि निम्माशिम्मा उजेड तिथेच वाया जायचा. साध्या भिंगानं उजेड गोळा करायचा तर भिंग इतकं जाड करावं लागेल की त्याच्या वजनानंच मनोरा वाकेल. फ्रेनेलनं म्हटलं, काच वळवते ती तिच्या पृष्ठभागानं, पोटातली जाडी फुकटची आहे, ती काढून टाका. मग भिंगाचे तुकडे करून पायऱ्यापायऱ्यांनी मांडले. मधल्या चकत्या उजेड वळवून सरळ करतात. वरच्या आणि खालच्या तिरक्या पट्ट्यांची सुधारणा त्यानंतरची, त्या आकाशाकडे आणि जमिनीकडे निघालेला उजेड आतल्या आत परतवून समुद्राकडे पाठवतात. एक तेलाची वात, आणि तिचा जवळपास प्रत्येक किरण कामाला लागतो. 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहावर पहिलं भिंग लागलं, आणि 1827 मध्ये फ्रेनेल क्षयानं गेला, एकोणचाळीस वर्षांचा.

आणि अमेरिकेनं ते लगेच घेतलं का, तर नाही. 1820 ते 1852 इथली सगळी दीपगृहं स्टीफन प्लेझंटन नावाच्या, ट्रेझरीतल्या हिशेबतपासनीसाच्या हाताखाली होती. प्रामाणिक माणूस, पै-पैचा हिशेब ठेवणारा, पण फ्रेंच भिंग महाग म्हणून जुने आरसेच चालू ठेवले, जहाजांचे कप्तान तक्रारी करून थकले. 1852 मध्ये लाइटहाऊस बोर्ड आलं तेव्हा कुठे भिंगं सर्रास यायला लागली. हे ऐकताना मला मनापासून राग आला. वाचवलेले पैसे वहीत दिसतात. बुडालेल्या माणसांना त्या वहीत रकाना नसतो.

त्या भिंगाच्या काही काचा फुटलेल्या आहेत. 2010 च्या जानेवारीत रात्री कोणीतरी गाडीतून येऊन बंदुकीनं गोळ्या झाडल्या, पॅरिसमध्ये घडवलेल्या, शंभर वर्षं टिकलेल्या काचेवर. पकडले गेले, शिक्षा झाली. तिथल्या व्हॉलंटियर बाई, पंचाहत्तरीच्या असतील, त्या फुटक्या कडेकडे बोट न दाखवता नुसतं बघून सांगत होत्या. घरातल्या माणसाचं दुखणं सांगताना आपण जसा आवाज खाली आणतो, तसा.

दुसऱ्या दिवशी न्यूपोर्ट. गावात दोन लाइटहाऊस. एक याक्विना बे, लाकडी घर आणि त्याच्या छपरावरच दिवा, 1871 मध्ये लागला आणि तीनच वर्षांत बंद केला कारण तोवर उत्तरेला याक्विना हेड उभं राहिलं होतं. पुढे पाडायचंच ठरलं होतं, गावातल्या लोकांनी वाचवलं, आणि 1996 मध्ये दिवा परत लागला. गोड आहे, पण मला तिथे फार वेळ रमावंसं वाटलं नाही, माझं लक्ष याक्विना हेडकडे.

तो मनोरा बघताक्षणी मान मागे जाते. 93 फूट, ओरेगनमधला सगळ्यात उंच, पांढराशुभ्र, काळ्या खडकाच्या टोकाला. 20 ऑगस्ट 1873 ला पहिल्यांदा दिवा लागला. आत 114 पायऱ्या, लोखंडी, गोल. एवढ्या पायऱ्या चढायचं काय, मी लिफ्ट बंद असलेल्या हॉस्पिटलात काम केलंय, पण इथे चढताना मनात सारखं येत होतं की कीपर हे तेलाचा डबा हातात घेऊन चढायचा. आधी लार्ड म्हणजे डुकराच्या चरबीचं तेल, थंडीत गोठायचं म्हणून गरम करून वर न्यायचं. पुढे रॉकेल. सूर्यास्ताला दिवा लावायचा, रात्रभर पाळीपाळीनं बसायचं, वात काळी पडली की कापायची, जिथे भिंग फिरतं तिथे भल्यामोठ्या घड्याळासारखं यंत्र असायचं, साखळीला टांगलेलं वजन रात्रभर खाली उतरत यायचं आणि दर काही तासांनी चावी देऊन ते परत वर घ्यायचं. सकाळी दिवा मालवला की काम संपलं असं नाही, खरं तेव्हा सुरू. काजळी पुसायची, पितळ घासायचं, भिंगाची एकेक काच स्पिरिटनं आणि मऊ कापडानं, आणि अंगात तागाचं ॲप्रन घालूनच, कारण शर्टाचं बटण काचेला लागलं तर चरा पडतो. आणि मग खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे, नाहीतर दिवसा सूर्य तेच भिंग उलट्या बाजूनं वापरतो आणि आत आग लागू शकते.

ॲप्रनची गोष्ट ऐकली आणि मी तिथेच पायरीवर जरा थांबले. आम्हाला पहिल्या वर्षी मेट्रन सांगायच्या, अंगठी काढा, घड्याळ काढा, पेशंटला तुमचं काही लागता कामा नये. त्या वेळी वाटायचं काय या बाई.

वर वॉच रूममध्ये लॉगबुकबद्दल सांगितलं, आणि त्यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतलाय. कीपरला रोज नोंद ठेवावी लागायची. हवा कशी, वारा कुठून, किती तेल जळलं, किती वाती, कुठलं जहाज गेलं. सुपरिंटेंडंट कधीही येऊन तपासायचा, पितळेवर बोटाचा ठसा दिसला तरी शेरा. गाईड म्हणाली की अशा जुन्या वह्या वाचायला बसलात तर कंटाळून जाल, पानंच्या पानं वारा, पाऊस, रंगकाम, घासकाम, परत वारा. कुणाला वाचवलं असं लिहिलेलंच नसतं. कसं लिहिणार? जे जहाज दिवा बघून बाहेरच्या बाहेर गेलं त्याचं नावसुद्धा कीपरला कळत नाही. लिहिण्यासारखं झालं तर ते बुडालेलंच असतं.

माझ्या पोटात काहीतरी हललं. आमचं रिपोर्ट बुक असंच. सकाळी साडेसातला हँडओव्हर, डोळे चुरचुरतायत, आणि डे-ड्युटीची सिस्टर विचारते, काय गं, रात्र कशी? आणि आपण म्हणतो, काही विशेष नाही. बेड नंबर एक, स्टेबल. बेड नंबर दोन, स्टेबल. बेड नंबर चार, रात्री तीन वाजता प्रेशर खाली आलं होतं, ड्रिप वाढवली, डॉक्टरांना कळवलं, आता ठीक. त्या 'आता ठीक'मध्ये दीड तास असतो. त्यात पाच-पाच मिनिटांनी मनगट धरणं असतं, मॉनिटर खरं बोलतोय की वायर सुटलीय ते बघणं असतं, पेशंटच्या कपाळावरचा घाम आधी दिसणं असतं. आणि तो पेशंट आठ दिवसांनी चालत घरी जातो, जाताना सर्जनच्या पाया पडतो, पेढे वाटतो, आणि तुम्ही त्या दिवशी नाईट ऑफ म्हणून घरी झोपलेल्या असता. मला त्याचं वाईट वाटायचं असं नाही. पण एकतीस वर्षं मी 'काही विशेष नाही' म्हणत आले, आणि म्हणता म्हणता मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

खाली उतरल्यावर कॉबल बीच. समुद्रानं घासून घासून गोल केलेले काळे बसाल्टचे गोटे, नारळाएवढे, काही त्याहून मोठे, वाळू जवळपास नाहीच. लाट येते तेव्हा नेहमीसारखीच येते, पण परत जाताना ते सगळे गोटे एकमेकांवरून गडगडत खाली ओढले जातात आणि जो आवाज होतो तो थेट भरलेल्या हॉलमधल्या टाळ्यांसारखा. लाट, शांतता, टाळ्या. लाट, शांतता, टाळ्या. समोरच्या खडकावर 'मर' नावाचे हजारो समुद्रपक्षी दाटीवाटीनं बसलेले, काळी पाठ, पांढरं पोट. मी तिथे एका ओंडक्यावर बराच वेळ बसले होते आणि थोडी रडलेही, आणि कॅप्टन शेजारी येऊन बसले, काहीही न विचारता, खिशातून पुदिन्याची गोळी काढून दिली. समुद्रावरच्या माणसांना गप्प बसता येतं.

मग मीच सांगितलं. नाईट, रिपोर्ट बुक, झोप न येणं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी तुला पलीकडची बाजू सांगतो. डिसेंबरात खेकड्यांचा सीझन, पहाटे तीन, वारा वीस-पंचवीस नॉट, हात बधिर, रडार आहे पण पाऊस एवढा की पडद्यावर नुसती खसखस. अशा वेळी तो दिवा दिसला की माणूस आनंदानं ओरडतो असं काही नाही. माणूस फक्त सेकंद मोजतो. प्रत्येक दिव्याची लुकलुक वेगळी असते, ती सही असते त्याची, छापील यादीत दिलेली. याक्विना हेड म्हणजे दोन सेकंद चालू, दोन बंद, दोन चालू, मग चौदा सेकंद काळोख. मोजून जुळलं की कळतं आपण कुठे आहोत, आणि मग आपण सुकाणू दोन अंश वळवतो आणि कॉफी ओततो. बस, एवढंच. कोणी आभार मानत नाही. मीसुद्धा कधी मानले नाहीत, मला सुचलंच नाही की तिकडे कोणी आहे.

तिसरा दिवस, अम्पक्वा नदी. इथे 1857 मध्ये ओरेगनच्या किनाऱ्यावरचं पहिलं लाइटहाऊस बांधलं होतं, पण नदीच्या तोंडाशी, वाळूवर. 1861 च्या महापुरात पाया खचला आणि पुढच्या काही वर्षांत, कामगार वरचा कंदील काढायला चढले असतानाच मनोरा हलायला लागला, ते धावत खाली आले आणि तो कोसळला. मग तीस वर्षं तिथे काळोख. दुसरं बांधलं ते शहाण्यासारखं आत टेकडीवर, 65 फुटी, 31 डिसेंबर 1894 ला लागलं. याचं भिंग लाल-पांढरं आहे, दोन पांढऱ्या लुकलुकी आणि एक लाल, आणि ते अजून फिरतं.

इथे आत जाता येतं. कॅप्टन दारापाशी थांबले. साधं दार, रंग दिलेलं, हाताच्या उंचीवर थोडं झिजलेलं. त्यांनी पंजा सपाट ठेवला त्यावर, ती दोन अर्धी बोटं धरून, आणि म्हणाले, जमिनीच्या बाजूला. बरोबरच आहे, समुद्राकडे कसं असेल. एवढंच. मग कठड्याला धरत, मधे दोनदा थांबत वर आले. वर गेल्यावर तिथला माणूस एका वेळी एकाला शिडीवरून डोकं थेट भिंगाच्या आत घालू देतो. मी घातलं. आत गेलं की आवाज बदलतो, कानाला पाण्याखाली गेल्यासारखं होतं, आणि सगळ्या बाजूंनी काच तुमच्याभोवती सावकाश फिरत असते, तुम्ही मधोमध, जिथे वात असायची बरोबर त्या जागी. बाहेरचा समुद्र, झाडं, पार्किंगमधली आमची बस, सगळं शेकडो तुकड्यांत उलटसुलट होऊन सरकत जातं. माझ्यानंतर कॅप्टन चढले. खालून मला त्यांची हनुवटी दिसत होती, पांढरी, पांढरी, मग लाल. पांढरी, पांढरी, लाल. या नदीच्या मुखावर वाळूचे दांडे सरकत असतात, बोटी उलटतात, त्यांचा एक मित्र इथेच गेला होता, हे मला नंतर कळलं.

पुढचं भराभर सांगते. केप अरागो लांबूनच, तिथे जाता येत नाही, 2006 मध्ये दिवा बंद झाला आणि ते बेट तिथल्या मूळ कूस, लोअर अम्पक्वा आणि स्यूस्लॉ लोकांच्या जमातीकडे परत गेलं, त्यांच्या पूर्वजांची जागा होती ती, आणि असंच व्हायला हवं होतं. बँडनला कोकिल रिव्हरचं छोटंसं, 1896 चं, 1939 मध्ये बंद केलेलं. केप ब्लँको मात्र शेवटच्या दिवशी, आणि तिथे वारा असा की बसचं दार दोघांनी धरावं लागलं. राज्यातलं सगळ्यात पश्चिमेचं, 1870 पासून. जेम्स लँगलॉइस नावाच्या कीपरनं इथे बेचाळीस वर्षं काढली. आणि 1903 मध्ये मेबल ब्रेदर्टन इथे असिस्टंट कीपर म्हणून रुजू झाली, ओरेगनमधली पहिली बाई. त्या वाऱ्यात, लांब स्कर्टमध्ये, तेलाचा डबा घेऊन. तिच्याबद्दल मला खूप वाचायचंय.

मधलं एक मी मुद्दाम राखून ठेवलं, हेसेटा हेड. दुसऱ्या रात्रीचं.

डोंगराच्या उतारावर, समुद्रापासून 205 फुटांवर, 1894 पासून, मागे जंगल, बाजूला कीपरांचं जुनं घर. दिवसा इतकं देखणं की कॅलेंडरवरचं चित्र वाटतं. 640 काचांचं भिंग, इंग्लंडच्या चान्स ब्रदर्सनी केलेलं, आठ बाजू, दर दहा सेकंदांनी एक लुकलुक, एकवीस मैलांवरून दिसते. आणि इथे ॲलिक परत भेटला. टिलामूक रॉकचा दिवा मालवून ऑस्वल्ड ॲलिक इकडे आला, आणि 1963 मध्ये हा दिवा ऑटोमॅटिक झाला तेव्हा इथलाही शेवटचा कीपर तोच. एका माणसानं एक दिवा विझवला आणि दुसरा यंत्राच्या ताब्यात दिला. मला त्याच्या त्या सकाळचा विचार सोडवेना. चाव्या दिल्या असतील, पितळ शेवटचं पुसलं असेल, आणि मग त्या रात्री झोप आली असेल का त्याला? का तोही दोन वाजता उठून खिडकीशी आला असेल, लागलाय ना बघायला?

अंधार उशिरा पडतो तिथे, दहा वाजले. आमची बस हायवेच्या कडेला वळणावर थांबली, जिथून खाडीपलीकडे तो दिवा पूर्ण दिसतो. सगळे उतरले. लांबून आपण लुकलुक म्हणतो, पण जवळून ती लुकलुक नसतेच, आठ लांबच लांब उजेडाचे दांडे असतात, चाकाच्या आऱ्यांसारखे, आणि ते अख्खं चाक अजिबात आवाज न करता डोक्यावरून फिरत असतं, झाडांच्या शेंड्यांवरून, धुक्यातून, आणि समुद्रावर कुठेतरी संपतात, संपतात की नाही ते दिसत नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीला आवाज नाही हे मनाला पटत नव्हतं.

कॅप्टन हळू आवाजात मोजत होते. मी पण मोजायला लागले, आणि लक्षात आलं की माझी दोन बोटं आपोआप माझ्याच मनगटावर गेली आहेत. नऊ, दहा, उजेड. नऊ, दहा, उजेड.

थंडी वाढली तसे लोक बसमध्ये जायला लागले. आम्ही दोघंच राहिलो. तेवढ्यात दूर पाण्यावर एक बारीक पिवळा ठिपका दिसला, दक्षिणेकडून येत होता, वर-खाली होत होता, कधी नाहीसा होत होता.

"कोण असेल?" मी विचारलं.

"माहीत नाही," कॅप्टन म्हणाले. "ट्यूनावाला असेल. घरी निघालाय."

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं आणि दारातून हाक मारली, की चला, उद्या लवकर निघायचंय. कॅप्टननी मागे न बघता हात वर केला.

"थांब जरा," ते म्हणाले, "तेवढी बोट पुढे जाऊ दे."